छान आहे, आता माझाही खेळ!

बऱ्याच गेम जॅममध्ये परीक्षक नसतात. दिलेल्या विषयावर दोन-तीन दिवसांत छोटासा व्हिडिओ गेम बनवायचा, अपलोड करायचा आणि मग भाग घेतलेल्यांनीच एकमेकांचे गेम खेळून तारे द्यायचे. मी नांदगावात संगणकाचे क्लास घेते. एमएस-सीआयटी आणि टॅलीच्या बॅचेस सुटल्या की चार-पाच मुलं मागे थांबतात आणि गोडो नावाच्या सॉफ्टवेअरवर गेम बनवतात. गोडो फुकट आहे आणि आमच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतं, म्हणून गोडो. मुलं आधी तारे बघतात, मी आधी कमेंट वाचते. त्या वाचून वाचून माझं मत पक्कं झालंय: स्पर्धकांनीच एकमेकांना गुण देण्याची पद्धत उत्तम आहे, पण तिचा आहेर झाला की ती कुचकामी.

लग्नात कोणी काय आहेर केला याची वही घरोघरी असते आणि तेवढ्याच किमतीचा आहेर त्यांच्याकडच्या कार्यात परत जातो. जॅममध्ये हेच चालतं. गेम चढवून तासही होत नाही तोवर कमेंट येते, ‘छान आहे, आता माझाही खेळ’, आणि खाली लिंक. एकाने आमच्या गेमचं संगीत फार आवडल्याचं कळवलं होतं. त्या गेममध्ये आवाजच नव्हता! मुलांना मात्र तेवढ्यानेही आनंद झाला आणि परतफेड म्हणून त्याला पाच तारे द्यायला ती निघाली होती. मी म्हटलं, आधी खेळा तरी.

सगळा दोष मुलांच्या माथी मारता येत नाही, कारण हिशेबाची रीतच तशी आहे. असे बरेचसे जॅम इच डॉट आयओ या संकेतस्थळावर भरतात. तिथे नुसती सरासरी धरत नाहीत. कोणत्या गेमला किती मतं मिळाली ते आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढतात, शाळेत शिकवतात तो मध्यक. तुमची मतं त्याहून कमी असतील तर तुमच्या मतांना मध्यकाने भागून, त्याचं वर्गमूळ काढून, त्याने सरासरीला गुणतात. समजा मध्यक 16 आहे आणि तुम्हाला 4 जणांनी मिळून सरासरी 4.5 तारे दिले. हातात पडतात 2.25. तीन मित्रांच्या पाच-पाच ताऱ्यांवर कोणी पहिला येऊ नये म्हणून हा नियम आहे आणि तो हवाच. पण त्यामुळे ज्याची ओळखपाळख नाही त्याला दारोदार लिंक घेऊन फिरावं लागतं. नांदगावच्या मुलाला तिकडे कोण ओळखतो?

2002 पासून चालत आलेल्या लुडम डेअर नावाच्या जॅममध्ये वेगळी तोड काढली आहे. तिथे क्रमांक मिळायला किमान 20 जणांचं रेटिंग लागतं, पण तुम्ही इतरांचे जितके गेम तपासाल तितका तुमचा गेम इतरांपुढे वर येतो. आधी काम, मग दाम. शिवाय मजा, नावीन्य, चित्रं, आवाज, विनोद यांना वेगवेगळे तारे असतात आणि नको त्या विभागातून आपला गेम बाहेर ठेवता येतो. मुका गेम आवाजाच्या विभागात नाहक बुडत नाही. तरीही तासाभरात वीस गेम ‘तपासून’ मोकळे होणारे महाभाग तिथेही भेटतातच.

खरा अभिप्राय कसा असतो ते मुलांना एका दोन ताऱ्यांच्या रेटिंगने दाखवलं. मनमाड जंक्शन आमच्याच तालुक्यात, त्यामुळे यार्डात डबे जोडण्या-सोडण्याचा गेम मुलांनी केला होता. लाल दिवा असताना इंजिन थांबवायचं, हिरव्याला सोडायचं. एका परदेशी खेळाडूने मजेच्या खान्यात दोनच तारे दिले आणि लिहिलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. तिसऱ्या लेव्हलला तो अंदाजाने इंजिन सोडत होता आणि दर वेळी धडकत होता. मुलं भडकली. “मॅडम, दिसत नाही तर खेळला कशाला?” रेल्वेत चालक व्हायचं तर रंगदृष्टीची चाचणी द्यावी लागते, हेही एकाने ऐकवलं. मुद्दा चोख होता, पण गेम खेळणाऱ्याची कसली चाचणी घेणार? मी विंडोजचा कलर फिल्टर लावून स्क्रीन राखाडी केला आणि म्हटलं, आता खेळा. पहिल्याच वळणावर धडक. मग त्यांच्यातल्या एकाच्या आजोबांनी, रेल्वेतून निवृत्त झालेल्या पॉइंट्समननी, जुन्या सिग्नलचा हात समजावून सांगितला: आडवा म्हणजे थांब, खाली झुकला म्हणजे जा. दिव्यांच्या जागी ते हात आले. सगळ्या पाच ताऱ्यांनी मिळून आमच्या गेममध्ये एक ओळ बदलली नव्हती, या दोन ताऱ्यांनी अख्खी लेव्हल बदलली.

गुण देणाऱ्याच्या अडचणी असतात, त्यांबद्दल फारसं बोललं जात नाही. मोठा गेम डाउनलोड करायचा तर आमचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो. बरेच गेम कीबोर्डवर खेळायचे असतात, मोबाईलवर काही उपयोग नाही. ब्राउझरमध्ये उघडणारा हलका गेम त्यामुळे जास्त खेळला जातो आणि कष्टाने बांधलेला जड गेम उपाशी राहतो. गेम अडखळला तर तो त्याचा दोष की माझ्या चार जीबी रॅमचा? माझा क्लासपुरता नियम आहे: जो गेम धड चालला नाही त्याला तारे द्यायचे नाहीत, कुठे आणि कशावर अडकला ते लिहायचं. ‘बोअर’ एवढंच लिहिलेलं मी पुसायला लावते.

2009 मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल गेम जॅमने ही कटकटच ठेवली नाही. तिथे स्पर्धा नाही, क्रमांक नाही. कल्पना मोठ्या मनाची आहे, पण आमच्याकडे ती पुरत नाही. बारावीतली मुलगी तीन रात्री लॅपटॉपसमोर बसते तेव्हा घरी दाखवायला काहीतरी आकडा लागतो. चारशेत ऐंशीवी आली म्हटलं की वडील पुढच्या वेळी परवानगी देतात.

मला सर्वांत पटलेली रीत 1995 पासून चालणाऱ्या इंटरॅक्टिव्ह फिक्शन स्पर्धेची. तिथले गेम वाचून खेळायचे असतात. मत मोजलं जायचं तर निदान पाच गेमना गुण द्यावे लागतात आणि एका गेमचं मत पहिल्या दोन तासांच्या खेळावरूनच ठरवायचं असतं. ज्या गेमबद्दल मतं सर्वांत टोकाची पडतात, त्यालाही एक गमतीचा मान आहे, ‘गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड’. सरासरीत जे भांडण दिसेनासं होतं, ते तिथे नावानिशी जाहीर होतं.

आता आपल्याकडे बघा. कॉलेजांच्या टेक्फेस्टमध्ये हल्ली गेम बनवण्याच्या स्पर्धा असतात आणि निकाल बहुधा दोन-तीन पाहुणे लावतात. मुलं एका ठिकाणी जाऊन आली. परीक्षकांनी प्रत्येक गेम उभ्या-उभ्या पाहिला, कीबोर्डला हात न लावता. दुसरा नंबर आला, का आला ते आजतागायत कळलेलं नाही. 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही म्हणून तो कोणालाच दिला नाही, तेव्हा केवढा वाद झाला. निर्णय पटो न पटो, नाटकवाल्यांना परीक्षकांशी भांडायला काहीतरी हाती लागलं. आमच्या मुलांच्या हाती प्रमाणपत्र आणि पेन.

टेक्फेस्टवाल्यांना एवढंच करता येईल. प्रत्येक संघाने चिठ्ठी टाकून निघालेले पाच गेम खेळायचे, त्यात आपल्या कॉलेजचा नको. आधी तीन वाक्यं लिहायची: कुठे अडकलो, काय पुन्हा खेळावंसं वाटलं, काय काढून टाकावं. मग तारे. हे कागद ज्याचे त्याला त्याच संध्याकाळी द्यायचे. पाचही गेम न खेळणाऱ्या संघाचा निकाल राखून ठेवायचा. पाहुण्यांनी वाटल्यास वरून आपले गुण द्यावेत, पण खेळून. वेळ नसतो असं आयोजक म्हणतात. गेल्या वेळी आम्ही सभागृहात होतो तेव्हा शाल-श्रीफळाचा कार्यक्रम जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला होता, वेळ तिथून काढावा.