शेवटचं कडवं कापू नका

यंदाच्या 14 एप्रिलला मी गावी होतो. येलदरीला. मुकादमाच्या हातापाया पडून चार खाडे घेतले, देवगिरीच्या जनरल डब्यात संडासापाशी उभा राहून परभणी गाठली, तिथून जिंतूर, जिंतूरहून काळीपिवळी. हे एवढ्यासाठी सांगतो की मी नाचायच्या इराद्यानंच गेलो होतो. जुनं ते सोनं म्हणत गळा काढणारा मी कोणी पेन्शनर नाही. गोदीत पाठ मोडून घेणारा सव्वीस वर्षांचा मॅट्रिक पास गडी आहे, आणि डीजेपुढं घाम निथळेस्तोवर नाचतो.

घरटी पाचशे रुपये पट्टी काढली होती. डीजे तालुक्याहून आलेला. दोन टेम्पो भरून डबे, छातीच्या फासळ्या वाजत होत्या. गाणी सगळी आपलीच. वामनदादांचं गाणं लागलं. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं, मग नुसतं धाडधाड धाडधाड, परत मुखडा, आणि खलास. लगेच दुसरं. त्याचंही तेच.

माझा आजा समाजमंदिराच्या ओट्यावर बसला होता. ऐंशीच्या घरातला माणूस. डोळ्यांनी अधू, कानानं शाबूत. जवानीत गायनपार्टीत दिमडी वाजवायचा, मागं कोरस धरायचा. तो काठी टेकत गर्दीत घुसला न् डीजेवाल्या पोराला म्हणाला, "ए लेकरा, गाणं पुरं कर. शेवटचं कडवं ऱ्हायलं."

पोरगं हसलं. "आबा, मिक्स हाय ते. एवढंच असतंय."

"एवढंच कसं असंल? नाव तर आलंच न्हाई की त्याचं!"

पोरं खिदळली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मीच पहिला हसलो. आजानं मग तिथंच उभ्यानं ते राहिलेलं कडवं म्हटलं, विनामाईक, फाटक्या आवाजात. त्याच्या तोंडून 'वामन' हा शब्द निघाला आणि तेवढ्यात पुढच्या गाण्याचा दणका बसला.

रात्री झोप लागेना. म्हातारा काय म्हणत होता ते मला उशिरा उमगलं, आणि उमगलं तेव्हा लाज वाटली.

दोस्तहो, आपल्या गाण्यात कवीचं नाव शेवटच्या कडव्यात असतं. चोखोबाच्या अभंगापासून ही रीत आहे. सोयराबाई तर स्वतःचं नावसुद्धा न घालता चोख्याची महारी म्हणून सही करते. शाहिरांनी तीच रीत लावणीत, पोवाड्यात नेली, वामनदादांनी भीमगीतात आणली. पांढरपेशांच्या पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, त्यावर नाव असतं, आत कॉपीराइट असतो. ज्यांच्या हातात हजार वर्षं पाटीच येऊ दिली नाही त्यांचं पुस्तक कुठलं? त्यांचं मुखपृष्ठ म्हणजे हे शेवटचं कडवं. गाणं या तोंडातून त्या तोंडात, परभणीतून नांदेडात, नांदेडातून आदिलाबादेत गेलं तरी मालकाचं नाव पोटात घेऊन जात होतं. कोणी लिहून ठेवायची गरज नव्हती. आता आपण नेमकं तेवढंच कापतो. मुखडा ठेवतो न् माणूस फेकतो.

वामनदादा कर्डक कोण होते ते त्या डीजेवाल्या पोराला माहीत नव्हतं. मी विचारलं म्हणून सांगतो. जन्म 15 ऑगस्ट 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत आले, कोळशाच्या वखारीत राबले, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. चाळीत एकानं पत्र वाचून दाखव म्हणून पुढं केलं तर वाचता येईना. त्या शरमेपोटी मोठ्या वयात बाराखडी गिरवली आणि 1943 पासून गाणी लिहू लागले. हजारोंनी लिहिली. हा माणूस मराठवाड्यात वस्ती-वस्तीला राहिला, ज्या घरी भाकर मिळाली तिथं जेवला. माझ्या आजानं त्यांना ऐकलंय, कंदिलाच्या उजेडात. 15 ऑगस्ट 2022 ला देशभर स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचा दणका होता, घरोघरी तिरंगा होता. त्याच तारखेला वामनदादांची शंभरी भरली. तुमच्यापैकी किती जणांना आठवली? मला नव्हती आठवली.

आणि वामनदादा तरी आपल्याला नावानं ठाऊक आहेत. त्यांच्या आधीचे? भीमराव कर्डकांचं नाव घ्या बरं कुठल्या कट्ट्यावर. 1930 नंतरच्या काळात नाशिककडून हा माणूस जलसा घेऊन निघाला. तमाशाचाच सांगाडा घेतला, ढोलकी घेतली, पण गवळणीतला चावटपणा काढून टाकला आणि वगात दारू, सावकार, शाळा, देवळाचं बंद दार आणून उभं केलं. बाबासाहेबांच्या दहा सभा न् कर्डकाचा एक जलसा बरोबरीचा, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं आपल्यात घरोघर सांगतात. रेडिओ नाही, पेपर वाचता येत नाही, अशा माणसाला चवदार तळ्याचं प्रकरण कळलं ते या जलशांनी. चळवळीचं टपालखातं होते हे लोक. भीमरावांनी 1978 मध्ये जलशांवर स्वतःच पुस्तक लिहिलं, म्हणून निदान काही नावं वाचली. बाकीचे ढोलकीवाले, सोंगाडे, साडी नेसून बाईचं काम करणारे गडी, कुठं गेले ते? मातीत.

अजून मागं जा. मराठी नाटकाचा आरंभ म्हटला की 1843, सांगली, विष्णुदास भावे, हे शाळेतलं पोरगंही घोकतं. त्याच सांगलीकडच्या सावळजच्या उमा मांगानं 1865 च्या सुमारास 'मोहना-बटाव' रचला. तमाशातला पहिला वग म्हणून अभ्यासक त्याच्याकडं बोट दाखवतात. भाव्यांच्या नाटकाच्या तारखेला रंगभूमी दिन होतो. उमा मांगाचा कुठला दिन?

पवळाचं तर काय सांगावं. हिवरगावची महाराची पोर. बाईनं बोर्डावर उभं राहायचं हेच नवं होतं तेव्हा ती उभी राहिली. पण नाव निघतं ते पठ्ठे बापूरावांच्या मागून. बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, रेठऱ्याचे ब्राह्मण. त्यांनी जात सोडली, वतन सोडलं, त्याचे गोडवे गातात, पिक्चर काढतात. सोडायला त्यांच्याकडं काहीतरी होतं हो! पवळानं काय सोडायचं होतं? तिनं जे दिलं त्याचा हिशोब कुणी मांडला नाही. इथं आपले काही कार्यकर्ते लगेच तोंड उघडतात की 1927 साली महाडच्या सत्याग्रहाला पठ्ठे बापूराव तमाशाचे पैसे द्यायला आले तर बाबासाहेबांनी नाकारले, मग तमाशेवाल्यांचं कौतुक कशाला? अरे, नाकारले, बरोबर केलं. आपल्या बाया नाचवून मिळवलेला पैसा होता तो. पण पैसा नाकारला याचा अर्थ पवळाला नाकारलं असा तुम्ही परस्पर कसा लावता? अब्रूची भीती बाबासाहेबांच्या तोंडी घालू नका. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित बायांवर इंग्रजीत थोरला ग्रंथ लिहिला, 2024 मध्ये अमेरिकेत त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपल्याकडं पेपरात दोन दिवस फोटो आले. पवळा, विठाबाई आपल्या ग्रंथालयाच्या भिंतीवर मात्र अजून यायच्या आहेत. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. 1957 आणि 1990, दोनदा राष्ट्रपतींच्या हातून मानसन्मान. शेवट हलाखीत, 2002 मध्ये. आता सरकार त्यांच्या नावानं दरसाल पुरस्कार देतं. मेल्यावर शाल, हा आपल्या सांस्कृतिक खात्याचा जुना धंदा आहे.

प्रल्हाद शिंद्यांचा गळा तर आषाढीला पंढरीच्या वाटेवर हॉटेला-हॉटेलात वाजतो. जन्म 1933 चा. म्हणजे साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 ला विठोबाचं देऊळ अस्पृश्यांना उघडलं तेव्हा हा पोरगा चौदा वर्षांचा होता. ज्या दारातून त्याच्या बापाला हाकललं असतं त्या दारावर आज त्याचाच आवाज लावतात. देवाला चालतो, भक्ताला चालतो, फक्त कोणाचा ते बोलायचं नाही. 2004 च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाददादा. दीड महिन्यात आपलं अर्धं गाणं गेलं.

आता एक गोदीतली गोष्ट. पटायची नाही, पण झाली.

स्टीलच्या कॉइली उतरवत होतो. जहाजावरचे खलाशी फिलिपिनो. जेवणाच्या सुट्टीत डेकवर एक जण गिटार घेऊन बसला न् अमेरिकी खेड्यातली गाणी गाऊ लागला. कंट्री म्युझिक म्हणतात त्याला. घोडे, टोपीवाले गोरे, रेल्वे, आई, दारू, आठवण. भाषा धड कळेना पण सूर कळला. घर सोडून आलेल्या माणसाचा सूर आहे तो, मला नाही कळणार तर कुणाला? मोबाईलवर शोधत गेलो. फोटोत सगळे गोरे. खोदत गेलो तर खाली काळी माणसं निघाली. ज्या बेंजोवर ते एवढा अभिमान सांगतात ते वाद्यच आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचं. (आपल्या बेंजोपार्टीतला बेंजो तो नव्हे. आपला बटणाचा, जपानकडून आलेला. नाव तेवढं चिकटलं.) कार्टर घराणं म्हणून त्या संगीताचं मोठं घराणं, 1927 ला पहिल्या रेकॉर्डी. त्यातला ए. पी. कार्टर डोंगरातल्या वस्त्यांत गाणी गोळा करत हिंडायचा, आणि चाली लक्षात ठेवायला सोबत लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवाला असायचा. शब्द कार्टर लिहून घ्यायचा, सूर रिडलच्या डोक्यात. रेकॉर्डवर नाव कार्टरचं.

आणि डिफर्ड बेली. 1899 चा जन्म, टेनेसी. तोंडात धरायच्या बाजावर धावती आगगाडी काढायचा. नॅशव्हिलच्या रेडिओवर 'ग्रँड ओल ओप्री' नावाचा त्यांचा मोठा कार्यक्रम, त्याला ते नाव पडलं त्या रात्री वाजवणारा हाच. दौऱ्यावर गोऱ्या वादकांना हॉटेलात खोली, याला दार बंद. 1941 मध्ये कामावरून काढलं. पुढं तो त्याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिला. 1982 ला मेला. 2005 साली त्यांच्या थोरांच्या दालनात त्याची पाटी लागली. मेल्यावर तेवीस वर्षांनी. वाचताना मला विठाबाई दिसल्या. आपण चळवळीचं नाव त्या काळ्या भावांच्या पँथरवरून घेतलं म्हणून सांगतो, नुसती डरकाळी घेऊन भागत नाही. बेलीची पाटी लागेपर्यंत कागद घासले गेले, तेही घ्यावं.

फरक एकच. रिडलचं नाव गोऱ्यानं झाकलं. वामनदादांचं नाव आम्ही झाकतोय, जयभीम म्हणत.

कोणी म्हणेल, गाणं लोकांचं झालं की नावाचं काय काम? हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. पुण्या-मुंबईचे विद्वान फार गोड करून म्हणतात, लोककला ही अनामिक असते. भडवेगिरी आहे ही. तुमची कविता सहीची आणि आमची अनामिक? मामाच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत, त्यांच्या पाकिटावर गायकाचा फोटो आणि गीतकाराच्या जागी 'पारंपारिक'. तो पारंपारिक कुणाचा तरी बाप होता, कुठल्या तरी गिरणीत रात्रपाळी करत होता.

हे कशानं तोडतं ते सांगतो. 1960 च्या आसपास येलदरीत पूर्णेवर धरण बांधत होते. आजा पंधरा-सोळा वर्षांचा, दगड वाहायला. कुठकुठून माणसं आलेली, पालं पडलेली. रात्री पालात गाणी. त्यातलं एक गाणं आजाला येतं. डोक्यावर पाटी घेतलेली बाई इंजिनिअरला विचारते, की ही एवढी वीज निघणार ती कुणाच्या घरी जळणार? चाल अशी की अंगावर काटा येतो. धरण झालं, विजेचं घर झालं, आणि आमच्या वस्तीत पुढं कैक वर्षं चिमणीच होती, म्हणजे बाईला बरोबर कळलं होतं. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी मोबाईल पुढं धरून आजाला म्हटलं, "आबा, पुरं म्हणा." मुखडा म्हटला. दोन कडवी म्हटली. मग थांबला. ओठ हलवत राहिला.

"नाव व्हतं बाबा शेवटाला. त्यानं घातलं व्हतं. मह्या ध्यानातून गेलं."

"कोण होता तो?"

"बीडकडला व्हता. का निजामाबादचा. काळा, उंच. ढोलकी चांगली हाणायचा."

एवढंच. साठ वर्षं एक माणूस या गाण्यात जिवंत होता, आणि माझ्या समोर, मोबाईल चालू असताना, मेला.

मुंबईला निघायच्या आधी जयंती मंडळाच्या पोरांना गोळा केलं. म्हटलं, पुढल्या साली डीजे लावा, नाही कोण म्हणतो, पण पाच गाणी पुरी वाजवा, शेवटच्या कडव्यासकट, आणि प्रत्येक गाण्याआधी लिहिणाऱ्याचं, गाणाऱ्याचं, ढोलकीवाल्याचं नाव पुकारा. अर्धा तास वाद झाला. एक म्हणाला, सहा मिनिटांचं गाणं कोण ऐकतं. दुसरा म्हणाला, डीजेवाल्याकडं पुरी गाणी नसतातच. शेवटी पाचाची दोन झाली. लिहून घेतलंय, सह्या आहेत. आजाला सांगितलं तर म्हणाला, "दोन तर दोन. पर आवाज कमी करा म्हणावं, नाव कळाया पायजे."

चुलतभावाकडं एक शंभर पानी वही ठेवली आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना जे येतं ते शेवटून लिहायचं ठरलंय. आधी नावाचं कडवं, मग बाकीचं. आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आई-बाप, आजे-पणजे तेव्हा येलदरीच्या धरणावर पाटी वाहायला होते, त्यांनी घरी एकदा विचारून पाहावं. बाई, पाटी, इंजिनिअर आणि वीज. बीडकडला किंवा निजामाबादचा, काळा, उंच, ढोलकीवाला. शेवटचं कडवं कुणाला येत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा.