डबा बदलला, विष तेच

कपाशीच्या बोंडअळीवर कोणतं औषध भारी, हा प्रश्न ऑगस्ट-सप्टेंबरात विदर्भातल्या कृषी सेवा केंद्रांत रोज विचारला जातो आणि उत्तर म्हणून नवा डबा पुढे येतो. क्विनॉलफॉसने गुण आला नाही? प्रोफेनोफॉस घ्या. तेही चाललं नाही, तर थायोडीकार्ब. शेतकऱ्याला वाटतं, तीन औषधं करून पाहिली. पण ही तिन्ही अळीच्या मज्जासंस्थेतल्या एकाच एन्झाइमवर घाव घालतात. त्या घावाला सरावलेली अळी डबा बदलल्याने मरत नाही. मागे उरते ती तिचीच वीण.

तुलना करायची ती मारण्याच्या तऱ्हेची. एमामेक्टिन बेंझोएट, इंडोक्झाकार्ब आणि क्लोरँट्रानिलिप्रोल यांच्या तऱ्हा एकमेकींहून वेगळ्या आहेत. यातल्या शेवटच्याने स्नायू लुळे पडून अळीचं खाणंच थांबतं. फेरपालट व्हावी ती अशा गटांची. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड स्वस्त पडतात म्हणून लवकर मारली, तर मित्रकीटक आधी जातात आणि पांढरी माशी बोकाळते. कपाशीचं अळीरोधक बीटी वाण २००२ मध्ये येण्याआधीच हिरवी बोंडअळी या औषधांना जुमानेनाशी झाली होती. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांचं बीटीही पचवलं.

या गुलाबी अळीपुढे तर ‘कोणतं’पेक्षा ‘केव्हा’ महत्त्वाचं. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते, मागे छिद्र बुजतं. मग महागडं औषधही बोंडाच्या सालीवरच वाळतं. म्हणून हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री दर सापळ्यात सरासरी ८ पतंग सापडले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर २ बोंडांत जिवंत अळी निघाली, तरच पंप पाठीवर घ्यावा. हा हिशेब शेतातच करता येतो, त्याला पैसाही फारसा लागत नाही. तरी फवारणी होते ती शेजाऱ्याने केली म्हणून.

आणि ती करणारा माणूस? २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, शेकडो जण रुग्णालयात पोहोचले. डोक्याएवढं वाढलेलं पीक, तोंडाला फडकं, पंपात दोन-तीन औषधांचं मिश्रण. अळी मरत नाही म्हणून मात्रा वाढते, आणि वाढलेली मात्रा आधी मजुराच्या अंगावर येते. त्यामुळे औषधाचा गट कळणं हा त्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

डब्याच्या दर्शनी बाजूला, व्यापारी नावाइतक्याच मोठ्या मराठी अक्षरांत औषधाचा गट छापणं सक्तीचं करावं. कृषी विभागाने शिफारशींचे तक्तेही गटवार द्यावेत. दुकानदाराने पावतीवर तो गट लिहावा, म्हणजे पुढच्या फवारणीला शेतकरी जुनी पावती दाखवून दुसऱ्या गटाचं औषध मागू शकेल.