वाऱ्याची वाट

मौद्याचा उन्हाळा ज्यांनीं अनुभवला नाहीं, त्यांस आजच्या टिपणाचें महत्त्व पटावयास थोडा वेळ लागेल. कन्हान नदीच्या काठचें हें गांव नागपूर-भंडारा रस्त्यावर आहे आणि मे महिना येथें नागपुराइतकाच कठोर असतो. नागपूर येथें मे २०१३ मध्यें ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. नवतपाच्या दिवसांत ४५ अंशांचें तर कोणास नवलहि वाटत नाहीं. अशा वेळीं माणसें माजघरांत पडून राहतात, गुरें झाडाखालीं उभीं राहतात. पण घरांतल्या संगणकानें कोठें जावें?

हा प्रश्न गेल्या वैशाखांत आमच्या घरीं फार निकडीचा झाला. आमचा धाकटा पुतण्या इमारतींचे नकाशे व चित्रें संगणकावर तयार करून देतो आणि त्याच्या मिळकतीचा घरखर्चास चांगला हातभार आहे. एखादें मोठें चित्र सिद्ध करावयास लावलें म्हणजे यंत्र तीन-तीन तास अविश्रांत राबतें. तें दुपारीं तासाभरांत आपोआप बंद पडूं लागलें व हातचें काम बुडूं लागलें. नवें यंत्र घेण्याइतका पैसा हाताशीं नव्हता. तेव्हां घरांतला एकुलता एक कूलर संगणकाकडे वळविण्यांत आला. तो आमच्या मातोश्रींच्या खोलींतला होता. त्यांचें वय ८१. त्यांनीं तक्रारीचा एक शब्दहि काढला नाहीं. "मुलाचें काम आधीं," एवढेंच म्हणाल्या आणि ओला पंचा डोक्यावर घेऊन निजल्या. तो पंचा पाहून आम्हांस अन्न गोड लागेना. बरें, कूलर समोर ठेवूनहि यंत्र बंद पडावयाचें तें पडतच होतें!

दोष मुळांत आमचाच होता. धूळ बसूं नये म्हणून आम्हींच तें यंत्र फडताळांत ठेवविलें होतें, दार लावून घेण्याची ताकीद दिली होती आणि वर शोभेसाठीं वहिनींनीं विणलेला रुमालहि घातला होता.

आतां थोडें शास्त्र पाहूं. संगणकांत जी वीज जाते, ती जवळजवळ सारी अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. पंखा थंडी निर्माण करीत नाहीं; तो तापलेली हवा बाहेर घालवितो व तिच्या जागीं खोलींतील हवा आणतो. म्हणून पंखे कितीहि लावले तरी आंतलें तापमान खोलीच्या तापमानाखालीं येणें शक्य नाहीं. आमच्या फडताळांत तर तीच ती तापलेली हवा फिरून फिरून आंत जात होती. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोंचला म्हणजे स्वसंरक्षणार्थ आपली गति कमी करतो, आणि तेवढ्यानें न भागलें तर यंत्र बंद होतें. शिवाय आंतील कांहीं प्रकारच्या कपॅसिटरांचें आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीस सुमारें निम्में होतें, असा ठोकताळा आहे.

हें संकट नवें नव्हे. १९४६ सालीं अमेरिकेंत लोकांपुढें आलेल्या एनिॲक या संगणकांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व तो सुमारें १५० किलोवॅट वीज घेई. त्यासहि वारा घालावयास मोठीं यंत्रें बसवावीं लागलीं होतीं. आणि दूर कशाला? आमच्या गांवाशेजारीं एन.टी.पी.सी.चें २,३२० मेगॅवॉटचें कोळशावरील विद्युत्केंद्र आहे. तेथें गोसीखुर्द जलाशयाचें पाणी लागतें, तें बव्हंशीं उष्णता वाहून नेण्यासाठींच. उष्णता नाहींशी करतां येत नाहीं, तिला वाट मात्र काढून देतां येते.

पुतण्यानें नागपुराहून १२० मिलीमीटरचे तीन पंखे आणले. ते १२ व्होल्टवर चालतात व प्रत्येकी दोन-तीन वॅटच वीज घेतात. वीज तोडून, पेटी उघडून आम्हीं ते स्वहस्तें बसविले. दोन समोर खालच्या अंगास आणि एक मागें. पंख्याची जी बाजू दिसावयास सुबक, ती आम्हीं सर्वत्र बाहेरच्या अंगास ठेविली. पूर्वीं ९६ अंश दाखविणारें यंत्र आतां ९४ दाखवूं लागलें. एवढ्या खटपटीचें फळ दोन अंश!

सूनबाईंनीं देवघरांतील पेटती उदबत्ती आणून पेटीसमोर धरली. धूर आंत गेला. मग ती मागें धरली, तर तेथेंहि धूर आंतच! मातोश्री खाटेवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "चुलीला दोन्हीकडून फुंकणी लावलीत, तर धूर जाईल कोठें?"

आमची चूक अशी: पंख्याच्या ज्या अंगास मधली चकती धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या अंगानें वारा बाहेर पडतो, सुबक दिसणाऱ्या अंगानें तो आंत ओढला जातो. कित्येक पंख्यांच्या कडेवर बाणहि कोरलेला असतो. मागचा एक पंखा फिरवून लाविला, यंत्र फडताळांतून काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेविलें, रुमाल पेटींत घातला. खोलींत कूलर नसतां ३९ अंश होते. तेंच काम करीत असतां प्रोसेसर ७९ वर स्थिरावला.

जुन्या वाड्यांची रचना आठवली म्हणजे हें सहज ध्यानांत राहील. गार वारा पुढल्या दारानें खालून यावा, तापलेला मागून व वरच्या झरोक्यांतून जावा. आंत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षां किंचित् अधिक असावेत. म्हणजे धूळ फटींतून न शिरतां पुढच्या जाळीवरच अडते. जाळी दरमहा धुवावी, मात्र पुरती वाळवून लावावी, आणि पंखे झटकतांना पातीं बोटानें धरून ठेवावीं.

तथापि पंख्यांचा हव्यास नको. समजा पेटींत ३०० वॅट उष्णता निघते व दर मिनिटास ४० घनफूट हवा वाहते. ती हवा बाहेर पडतांना सुमारें १४ अंशांनीं तापलेली असेल. प्रवाह दुप्पट केला तर ही वाढ ७ वर येईल, तिप्पट केला तर पांचाच्या आंत. पहिल्या भरीनें सात अंश मिळाले, दुसरीनें जेमतेम दोन-अडीच. पुढें आवाज तेवढा वाढतो. तसेंच एकाच जोडावर बरेच पंखे लटकवूं नयेत. संगणकाच्या मुख्य पट्टीवरील जोड बहुधा एक अँपिअरपर्यंतच भार सोसतो. आणि कूलरचा झोत यंत्रावर थेट कधींहि सोडूं नये, कारण त्यांतील पाण्याचे तुषार व क्षार यंत्रास बाधतात.

त्याच सायंकाळीं कूलर मातोश्रींच्या खोलींत परत गेला. त्यांनीं विचारलें, "यंत्राला आतां पुरेसा वारा मिळतो ना?" आम्ही म्हणालों, मिळतो. अकरा दिवस तो कूलर एका बंद लांकडी दारावर वाहत होता, हें मात्र त्यांना सांगावयाचा धीर आम्हांस अद्याप झालेला नाहीं.