पहिल्या घाटातली हार

पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यात नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची यात्रा भरते आणि जुन्नर-आंबेगावच्या गाडामालकांची धाकधूक सुरू होते. पुढे माघ, चैत्र, वैशाख असे गावोगावचे घाट लागतातच. पण वर्षभर खुराक घालून, पहाटे उठून फेऱ्या मारून जे बैल राखले ते कसे निघाले, हे पहिल्या एक-दोन यात्रांतच कळते असे सगळे धरून चालतात. त्यामुळे पहिल्याच घाटात गाडा मागे पडला की त्या रात्री गावात कुणाला झोप नसते. निम्मे म्हणतात, बैल काढून टाका. निम्मे म्हणतात, पुढच्या घाटात बघा.

आमच्या भावकीतल्या गाड्याचे या हंगामात असेच झाले. जुकाटाला नवा खोंड जुंपला होता. घोडी पुढे सुटली, धरणाऱ्यांनी हात सोडले, तीन बैल झेपावले आणि खोंड क्षणभर गर्दीकडे बघत राहिला. तेवढ्या बिचकण्यात बारी, म्हणजे गाड्याची ती धाव, गेली. चुलतभावाच्या मुलाने पाठवलेल्या व्हिडिओत पुकारणारा सेकंद सांगतो तेव्हा कडेला उभी असलेली आमची माणसे दिसतात. मुठीत भंडारा तसाच धरलेला, उधळायला कुणाचा हात वर जात नाही. संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दीडशे निरोप पडले. खोंडाला शिव्या, तो निवडणाऱ्या दादाला शिव्या, घड्याळ लावणाऱ्यावर संशय. आणि सर्वांत शेवटी त्याच पोराचे एक वाक्य: “काका, पुढच्या घाटात आपलाच गाडा पहिल्या नंबरात येतोय, लिहून ठेवा.”

इथे अमेरिकेत वाढलेल्या मुलांसाठी थोडे सांगायला हवे. सांगली-साताऱ्याकडच्या शर्यतीत गाड्या शेजारी शेजारी पळतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातली रीत वेगळी. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. त्यावर एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, पुढची जोडी जुकाटाची, मागची धुरेची, आणि त्यांच्या पुढे घोडीवरचा स्वार. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. अमुक सेकंदांच्या आत आला तर पहिल्या नंबरात, त्यापुढे दुसऱ्या, तिसऱ्या. दिवसात सर्वांत कमी वेळ लावणारा गाडा घाटाचा राजा.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की समोर दुसरा गाडाच नसतो. हरणारा घड्याळाकडून हरतो. कबड्डीत समोरचा संघ भारी होता असे म्हणून मन मोकळे करता येते. घाटात ती सोय नाही. मग राग जाणार कुठे? तो जवळच्यावर निघतो: बैलावर, बैल धरणाऱ्या पोरांवर, घड्याळवाल्यावर. आणि पुढच्या रविवारी, पुढच्या घाटात, त्या रागाचा हात बैलाच्या शेपटीपर्यंत पोचतो. माझा सगळा वाद या एका गोष्टीशी आहे. हरल्यावर शौकिनाने वैतागावे, रात्रभर हुज्जत घालावी, त्याला माझी हरकत नाही. जीव लावला म्हणूनच वैताग येतो. पण तो वैताग बैलाच्या अंगाला लागता कामा नये, कारण आमच्याकडची शर्यत राहणार की जाणार हे आता तिथेच ठरते.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत दर सप्टेंबरला हीच रात्र दुसऱ्या नावाने येते. मुले कॉलेजात गेली आणि आईवडीलही शनिवारी कॉलेजचे अमेरिकन फुटबॉल बघायला टीव्हीपुढे बसू लागले. १ सप्टेंबर २००७ हा दिवस मिशिगनमध्ये कोण विसरेल? मिशिगन विद्यापीठाचा देशात पाचव्या क्रमांकाचा संघ, घरचे मैदान, लाखावर प्रेक्षक, हंगामाचा पहिला सामना, आणि खालच्या विभागातल्या अ‍ॅपलेशियन स्टेटने ३४-३२ ने हरवले. शेवटच्या क्षणी मिशिगनची किकही अडवली गेली. पुढच्या आठवड्यात ओरेगनने ३९-७ असे झोडपले. प्रशिक्षक लॉइड कार यांना हाकला, हा संघ संपला, अशी बोलणी घरोघर चालू होती. त्यानंतर त्याच संघाने सलग आठ सामने जिंकले आणि १ जानेवारी २००८ ला फ्लोरिडासारख्या संघाला ४१-३५ ने हरवून हंगाम संपवला. विजेतेपद मिळाले नाही. ओहायो स्टेटकडूनही हरले. पण सप्टेंबरच्या त्या दोन आठवड्यांत जे छातीठोकपणे सांगितले जात होते त्यातले फारसे काही खरे ठरले नाही.

त्याहून ताजे उदाहरण नोत्र दामचे. ७ सप्टेंबर २०२४ ला नॉर्दर्न इलिनॉयने त्यांना त्यांच्याच मैदानावर १६-१४ ने हरवले. दुसराच सामना होता. त्यानंतर हा संघ हरला तो थेट २० जानेवारी २०२५ ला, राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात. आणि ओहायो स्टेटने २०१४ च्या हंगामात दुसऱ्याच सामन्यात व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ असा मार खाल्ला होता. त्या वर्षीचे विजेतेपद त्यांचेच. आशा धरणारे भाबडे असतात असे म्हणणाऱ्यांनी हे तीन हंगाम जवळ ठेवावेत.

मात्र आशेलाही पाया लागतो. नोत्र दामला पुन्हा उभे राहता आले कारण त्याच वर्षी विजेतेपदाच्या बाद फेरीत चारऐवजी बारा संघांना जागा मिळाली होती. आधीच्या पद्धतीत, २०१४ च्या ओहायो स्टेटसारखे अपवाद सोडले तर, एक लाजिरवाणी हार म्हणजे वर्ष जवळजवळ संपल्यात जमा असे. खेळाची मांडणीच अशी झाली की सप्टेंबरची हार डिसेंबरात भरून काढता येते. आमच्या घाटांची मांडणी याहून उदार आहे. तिथे गुणतक्ता नसतो. थापलिंगला तुमचा गाडा किती सेकंदांत आला होता हे पुढच्या गावचा घाट विचारत नाही. प्रत्येक यात्रेत घड्याळ नव्याने सुरू होते. शिवाय कुठला घाट चढाचा, कुठला सपाटीचा, कुठे माती भुसभुशीत, कुठे टणक, कुठे लोक अगदी धावपट्टीला खेटून उभे. ज्या बैलाला एक घाट लागत नाही त्याला दुसरा लागतो, हे म्हातारे शौकीन सांगतात ते उगाच धीर द्यायला नव्हे. नव्या खोंडाला वाजंत्री, भंडारा, कर्णा आणि हजारो माणसांचा ओरडा यांची सवय एका बारीत होत नाही. त्याच्या पहिल्या बारीवरून त्याची किंमत करणे म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी रडलेल्या पोराचा दाखला काढून आणण्यासारखे आहे.

तरी लोक तसे करतात, आणि त्याचे कारण पैशात आहे. शर्यतींवरची न्यायालयाची बंदी २०२१ अखेर उठल्यावर बक्षिसांचे आकडे फुगले. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतल्या शर्यतीत जेसीबी, बोलेरो, ट्रॅक्टर बक्षिसाला लावले होते. चांगल्या बैलाची बोली लाखांत जाते. कर्ज काढून बैल घेतलेल्या माणसाला “पुढच्या घाटात बघू” म्हणणे परवडत नाही. त्याला याच घाटात हवे असते. इथे अमेरिकेतही वारे तेच आहे. मे २०१८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्याराज्यांत खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर झाली आणि एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूंना हरलेल्या पैशांसाठी धमक्या येऊ लागल्या. इतक्या, की कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैसे लावणे बंद करा अशी मागणी कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएला २०२४ मध्ये करावी लागली. ही मुले आता जाहिरातींतून पैसे कमावतात, मग बोलणी खायला काय हरकत आहे, असे आपल्यातलेच काही म्हणतात. मला ते पटत नाही. पैसे मिळाले म्हणून एकोणीस वर्षांचा मुलगा पन्नाशीचा होत नाही. त्याच्या खेळावर बोला, हवे तेवढे. त्याच्या फोनवर जाऊन त्याच्या आईबापांचा उद्धार करू नका.

फरक इतकाच की त्या मुलाला निदान बोलता येते. बैलाला नाही. त्याच्या वतीने जे बोलले गेले ते न्यायालयात. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैलाचे शरीर शर्यतीसाठी घडलेले नाही, असे त्या निकालाचे म्हणणे होते. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा थांबवले. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. त्या आनंदात १ जानेवारी २०२२ ला आंबेगावातल्या लांडेवाडीला पहिला घाट ठरला, गाडे येऊ लागले, आणि कोरोनामुळे आदल्या दिवशी रद्द झाला. इतकी वर्षे थांबून दाराशी येऊन परत फिरलेल्या माणसांची ती चिडचिड मी फोनवर ऐकली आहे. अखेर १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

पण का ठरवले, हे घाटात फार थोड्यांना माहीत असते. नव्या नियमांमुळे जनावराचा त्रास बराच कमी होतो, हा त्या निकालाचा आधार आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक नाही, काठी नाही, टोचणी नाही, शॉक नाही. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम काटेकोर पाळले जातील हे पाहण्याची जबाबदारीही न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे आपला हक्क कागदावरच्या नियमांच्या टेकूवर उभा आहे. हरलेल्या शौकिनाने पुढच्या घाटात बैलाला टोचले आणि ते कुणाच्या मोबाईलमध्ये आले, तर तो व्हिडिओ पुढच्या याचिकेचा पुरावा होतो. इतकी वर्षे ज्यांनी मोर्चे काढले, पदरमोड करून वकील उभे केले, त्यांचे श्रम एका माणसाच्या रागापायी वाया जातील. त्या माणसाला ते “बैलाला जरा जागे केले” एवढेच वाटत असते.

आपल्यातली तरुण मुले मला विचारतात, हे सगळे हवेच कशाला? शर्यतच नको. त्यांची कळकळ खरी आहे. मी तिला उत्तर देताना परंपरेची ढाल पुढे करत नाही, कारण परंपरा म्हणून कितीतरी वाईट गोष्टी चालल्या होत्या. माझे उत्तर गोठ्यातले आहे. ट्रॅक्टर आल्यावर शेताला बैल लागेनासा झाला. जुन्नरच्या बेल्ह्याचा बैलबाजार ज्यांनी पूर्वी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. आज आमच्याकडे जातिवंत खिल्लार गोऱ्हा सांभाळला जातो, त्याला अंडी-दूध पाजले जाते, त्याच्या अंगाखालची जागा घरच्या अंगणासारखी झाडली जाते, ते बव्हंशी गाड्यासाठी. ही माया खरी आहे, मी ती पाहिली आहे. माझ्या काकूने आजारी बैलाच्या उशाशी रात्री काढल्या आहेत. पण ही माया जिंकण्याच्या अटीवर असेल तर मुलांचा आक्षेप बरोबर ठरतो. पहिल्या हारीनंतर बैल व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढत असेल, तर जात टिकवण्याच्या गप्पा आपण कोणत्या तोंडाने मारायच्या?

म्हणून “पुढच्या घाटात बघा” म्हणणारा माणूस मला भाबडा वाटत नाही. शर्यत तोच टिकवतो. त्याच्यामुळे खोंड दावणीला राहतो, टोचणी खिशातून बाहेर निघत नाही, घड्याळवाल्याशी मारामारी होत नाही. आमच्या दादाने खोंड ठेवला आहे. पहाटेच्या फेरीला आता तो शेजारच्या पोरांना ताशा वाजवायला लावतो, म्हणजे आवाजाची भीती मोडेल. ग्रुपवर अजून त्याला चार माणसे रोज टोमणे मारतात. मारू देत. तो त्याच्या जागी बरोबर आहे.

आता आपल्याबद्दल. आपल्या मंडळातली जुन्नर-आंबेगावची घरे गावच्या यात्रेला वर्गणी पाठवतात. आतापर्यंत ती बहुतेक पहिल्या नंबराच्या बक्षिसात गेली, कारण पुकारताना “अमेरिकावाले अमुक अमुक यांच्यातर्फे” असे नाव घेतले जाते आणि ते ऐकून आईवडिलांना बरे वाटते. माझी सूचना अशी की यंदापासून आपण बक्षिसाला पैसा देऊ नये. त्यात भर घालून आपण हरण्याची भीतीच वाढवतो. तेवढ्याच पैशात घाटावर दिवसभर पशुवैद्यक बसवता येतो, निशाणापलीकडे बैल थांबतात तिथे माती टाकून जागा मऊ करता येते, सावलीला मांडव आणि पाण्याची टाकी होते, आणि सुरुवातीच्या जागेवर दोन कॅमेरे लागतात, म्हणजे टोचणीचा आरोप झाला तर खरेखोटे तिथल्या तिथे कळेल. नाव पुकारायचे असेल तर त्याचे पुकारा. आणि एक मान नव्याने ठेवा: हंगामातल्या पहिल्या बारीपेक्षा शेवटच्या बारीत ज्याने सर्वांत जास्त सेकंद कमी केले, त्या गाड्याला फेटा आणि नारळ. रोख काही नको.

गावोगावच्या यात्रा कमिट्या चैत्रातल्या यात्रांच्या पावत्या फाल्गुनातच फाडायला घेतात. तोपर्यंत आपल्या घरांचे एकमत व्हायला हवे. संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर जुन्नर, आंबेगाव, खेडच्या मंडळींनी अर्धा तास मागे थांबावे. वर्गणीच्या पत्राचा मसुदा मी लिहून आणतो.