‘लिनक्सवर हे चालणार नाही’ म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर

वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी आम्ही वर्गणी काढून एक लॅपटॉप घेतला. त्यावर लिनक्स टाकलं. सगळं सुरू झालं, वायफाय तेवढं नाही. स्कॉलरशिपच्या फॉर्मची मुदत तोंडावर आलेली. दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, ‘लिनक्सवर हे चालतच नाही. विंडोजचं लायसन्स घ्या. ते कर्नेल-बिर्नेल तुमचं काम नाही.’

साथींनो, यातलं पहिलं वाक्य अर्धसत्य आहे, दुसरं धंदा आहे आणि तिसरं अपमान आहे. तिन्हींचा समाचार घेऊ.

अर्धसत्य का, ते एका उदाहरणाने पाहा. रियलटेकचं ८८५२बीई हे वायफाय कार्ड बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये असतं. त्याचा ड्रायव्हर कर्नेल ६.२ मध्ये आला, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, पण कर्नेल ६.१ घेऊन. स्थिर आवृत्ती गोठवून, तपासून मग देतात, त्यात डेबियनचा दोष नाही. पण ड्रायव्हर जगात होता, फक्त त्या कर्नेलमध्ये नव्हता. ‘आपल्याकडच्या आवृत्तीत नाही’ याला ‘चालतच नाही’ म्हणणं ही दिशाभूल आहे.

आता ‘तुमचं काम नाही’. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना हा कर्नेल लिहायला घेतला आणि १९९२ पासून तो जीपीएल परवान्याखाली आहे. वाचायचा, बदलायचा, वाटायचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यासाठी पदवी विचारलेली नाही. हक्क कागदावर असून वापरायचं ज्ञान मूठभरांकडे राहिलं तर तो हक्क नावापुरताच. म्हणून कृती सांगतो.

आधी ‘एलएसपीसीआय’ कमांड ‘के’ पर्याय लावून चालवा. प्रत्येक उपकरणाखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. ज्याच्याखाली ती ओळ नाही, ते अडलेलं. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट घ्या, कर्नेलचा सोर्स आणि कंपाइलरची साधनं उतरवा. ‘बूट’ फोल्डरमधली चालू कर्नेलची कॉन्फिग फाइल सोर्समध्ये आणा, म्हणजे शून्यापासून हजारो पर्याय निवडावे लागत नाहीत. मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’. डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्यात नेटवर्क, त्यात वायरलेस. आपलं कार्ड शोधा आणि ‘एम’ दाबा, म्हणजे ते मॉड्यूल म्हणून बनेल. डेबियनवर ‘मेक बिनडेब-पीकेजी’ दिलं की थेट बसवता येणारं पॅकेज हातात येतं. साध्या मशीनवर याला काही तास लागू शकतात. जुना कर्नेल काढू नका. नवा बिघडला तर सुरुवातीच्या ग्रब मेन्यूतून जुन्यावर परतता येतं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नेल सुरू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

वेळ वाचवायला ‘लोकलमॉडकॉन्फिग’ वापरता येतं. ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलंच ठेवतं. पण प्रिंटर तेव्हा जोडलेला नसेल, तर त्याचा ड्रायव्हरही गळू शकतो. आणि अडलेलं वायफाय त्यात आपोआप येणार नाही, ते हातानेच चालू करावं लागतं.

काही मित्र म्हणतील, बॅकपोर्टमधून तयार नवा कर्नेल मिळतो, मग हा उपद्व्याप कशाला? बरोबर आहे. मिळत असेल तर आधी तोच घ्या. वेग वाढेल म्हणून कंपाइल करू नका, रोजच्या वापरात फरक फारसा जाणवत नाही. शिवाय स्वतः बनवलेल्या कर्नेलला वितरणाची सुरक्षा-अद्यतनं मिळत नाहीत. प्रत्येक दुरुस्ती आली की पुन्हा कंपाइल करणं ही आपली जबाबदारी. हक्क घेतला की जबाबदारीही घ्यावी लागते.

आणि हे सगळं करूनही एका ठिकाणी हात टेकावे लागतात. अनेक वायफाय कार्डांना कंपनीचं बंद फर्मवेअर लागतं. ते वेगळं बसवावं लागतं, आणि त्याचा सोर्स बहुधा मिळत नाही. खरी मक्तेदारी तिथे आहे. ‘लिनक्स वाईट’ म्हणणारे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आमचं म्हणणं एवढंच. सगळ्यांनी कर्नेल बनवावा असं नाही. पण प्रत्येक अभ्यासिकेत निदान दोघांना तो बनवता आला पाहिजे, आणि त्यातली एक मुलगी असावी. पुढच्या वेळी कुणी ‘चालणार नाही’ म्हटलं, तर आपल्या पोरांनी मान खाली घालून लायसन्सचे पैसे मोजू नयेत. त्यांनी विचारावं, ‘कोणत्या आवृत्तीत नाही? ड्रायव्हर नाही की फर्मवेअर नाही?’ या प्रश्नाचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला आपलं काम कोणतं हे ठरवायचा अधिकार नाही.