पंचवीस कीं वीस पांच?

२०१९ सालीं ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणितांत ‘पंचवीस’ या नांवासोबत ‘वीस पांच’ हें रूप आलें, तेव्हां पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ खवळले. तो रोष आम्हांस अनाठायीं वाटतो. ‘पंचवीस’ म्हणतांना मुलाच्या कानीं पांच आधीं पडतो. पाटीवर मात्र दोनाचा आंकडा आधीं येतो. ऐकलेला पांच मनांत धरून दोन मांडण्याच्या धांदलींत २५ चे ५२ होतात. जर्मन मुलांचीही हीच रड. चिनी मूल सरळ ‘दोन दहा पांच’ म्हणतें. नागपूरच्या बालकास तर इतवारींतील हिंदी ‘पच्चीस’ही तसेंच उलटें भेटतें! मंगला नारळीकर यांच्या समितीनें जुनीं नांवें काढलींच नव्हतीं. ‘पांच पांचे पंचवीस’ ही लय मात्र नव्या रूपाला नाहीं; पाढे घरीं जुन्याच नांवांनीं म्हणवून घ्यावे.