चित्राला मेडल कशाला?



गणेशोत्सव जवळ आला की आमच्या मुलुंडपासून थेट बोरिवलीपर्यंत सोसायट्यांच्या फलकांवर चित्रकला स्पर्धेच्या नोटिसा लागतात. अलीकडे त्यांत ‘सहभागी होणाऱ्या प्रत्येकास मेडल व प्रमाणपत्र’ अशी ओळ असते. कुणी हिरमुसू नये, हा हेतू चांगलाच. पण सहा वर्षांखालच्या गटासाठी नेमकी हीच ओळ काढून टाकावी, असं माझं म्हणणं आहे.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. स्केचपेन दिसले की आपणहून चित्रात रमणारी मुलंच त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच न सांगता, नंतर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेन पुन्हा मांडले, तेव्हा बोली करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकली होती. बिघडवते ती बोली.

मोठ्या वर्गांत तर या बोलीवर सरकारी शिक्काच आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या गुणांसाठी अंधेरी-घाटकोपरात स्थिरचित्राचे क्लास चालतात आणि निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. कलाशिक्षिका म्हणून हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. गुण बंद करा, असं मी म्हणणार नाही. गरीब घरच्या मुलांना त्यांचा आधार असतो.

‘जग स्पर्धेचं आहे, सवय लवकर लागलेली बरी,’ असं पालक सांगतात. पाढ्यांची नावड असलेल्या मुलाला सुरुवातीला आमिष दाखवावं लागतं, हे मान्य. पण चार वर्षांच्या मुलाला रेघोट्या मारायला आमिष लागतं, असं घर कुणी दाखवावं. भिंतींचा रंग काढताना बेजार झालेल्या आईबापांना तरी ते पटणार नाही!

बक्षीस आणि शिक्षा दोन्ही दूर ठेवा, हे शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींचं म्हणणं होतं. त्यांची पद्धत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९३६ साली दादरच्या शिशुविहारात आणली, पुढे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेली. बोरिवलीहून डहाणूच्या गाडीत बसलं की तासा-दोन तासांवरचा हा वारसा आपल्याला परका नाही.

तेव्हा कार्यकारिणींना विनंती, की यंदा लहान गटाला परीक्षक नको, नंबर नको. पार्किंगमध्ये कागदाचा लांब रोल अंथरा, मेडलांच्या पैशांत भरपूर रंग आणा आणि आईबापांना दोन तास मंडपाबाहेर बसवा.

— एक निवृत्त कलाशिक्षिका, मुलुंड (पूर्व)